नाव काहीही द्या? : ‘हणजूणचा शेजारी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार शेजारी,

उत्तर द्यायला आठवडा लावला, त्याबद्दल आधी माफी. प्रतिक्रिया झोंबणारी होती आणि झोंबलेल्या अवस्थेत लिहिलं की माझं मराठी बिघडतं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की रेव्ह, फ्री पार्टी, टेक्निव्हल, डूफ, क्लब नाइट या सगळ्या रात्रभरच्या नाचाच्या पार्ट्या, पण ही एकाच गोष्टीची पाच नावं नव्हेत, त्यांना एका पोत्यात भरू नका. त्यावर गोव्यातल्या हणजूणच्या या गृहस्थांनी तीन हरकती घेतल्या. एक, ‘रेव्ह’ हा शब्द १९८८ साली लंडनमध्ये जन्मला हे माझं विधान चूक आहे. दोन, हे सगळे शब्दांचे चोचले आहेत: “नाव काहीही द्या, रात्री अडीचला माझ्या खिडकीच्या काचा हादरतात त्या नावानं हादरत नाहीत. माझी आई त्या पार्ट्यांत चटई टाकून चहा विकायची, त्यामुळे मला शिकवू नका.” आणि तीन, ड्रग्जबद्दल अख्ख्या लेखात एक अक्षर नाही.

पहिली हरकत मान्य. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागातली जॅझवेडी पोरं रात्रभरच्या धिंगाण्याला ‘रेव्ह’च म्हणत, आणि १९६७ साली लंडनच्या राउंडहाउसमध्ये ‘मिलियन व्होल्ट लाइट अँड साउंड रेव्ह’ अशा भारदस्त नावाचा कार्यक्रमही झाला होता. मूळ क्रियापद तर शेकडो वर्षं जुनं, अर्थ तापात किंवा भ्रमात बरळणं. मधे हा शब्द माळ्यावर गेला आणि अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताच्या लाटेत, १९८८-८९मध्ये, झटकून पुन्हा खाली काढला गेला. मी पुनर्जन्माला जन्म समजले. ती ओळ बदलली आहे.

दुसऱ्या हरकतीवर मात्र भांडणार आहे. आणि सुरुवात तुमच्या खिडकीपासूनच करते.

ऑस्ट्रेलियात रानात, शहरापासून लांब भरणाऱ्या अशा नाचाच्या मेळाव्याला ‘बुश डूफ’ म्हणतात, नुसतं ‘डूफ’ही चालतं. हा शब्द कुठून आला? तिकडे हकिकत सांगतात ती अशी: १९९२च्या सुमारास सिडनीच्या न्यूटाउन भागात काही मंडळी घरात संगीत वाजवत होती. शेजारीण तणतणत आली आणि हे काय रात्रंदिवस डूफ डूफ डूफ लावलंय म्हणाली. पोरांना शब्द इतका आवडला की त्यांनी तोच उचलला. हकिकत मीठमसाला लावलेली असेल, पण शब्द खोटं बोलत नाही. भिंत उंच सूर अडवते, खालचा ठोका तेवढा पलीकडे जाऊ देते. आत नाचणाऱ्याला हाय-हॅट या झांजेची चुरचुर ऐकू येते, वर चढत जाणारा सूर ऐकू येतो, मधेच कुणाच्या तरी गाण्याचा तुकडा येतो. ‘डूफ’ ऐकू येतं ते फक्त भिंतीपलीकडे. म्हणजे हे नाव नाचणाऱ्यानं ठेवलेलं नाही, वाजवणाऱ्यानंही नाही. ते ज्याची झोप मोडली त्याच्या कानानं ठेवलेलं नाव आहे.

आता याच्या उलट टोकाचा शब्द बघा, तो तुमच्याच राज्यात आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, म्हणून पाळोळेच्या किनाऱ्यावर लोक कानांवर हेडफोन चढवून नाचू लागले. त्याला म्हणतात ‘सायलेंट पार्टी’. शांत कुणासाठी? नाचणाऱ्याच्या कानात तर ढणढणाट चाललेला असतो. शांतता तुम्हाला, बाहेरच्याला. हेही नाव शेजाऱ्याच्या बाजूनं. तुमची तक्रार नावांच्या बाहेर उभी आहे असं तुम्हाला वाटतं. मला ती नावांच्या आत बसलेली दिसते.

कायद्यातही बसलेली आहे, अगदी अक्षरशः. मे १९९२मध्ये इंग्लंडच्या कॅसलमॉर्टन कॉमनवर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक माळावर, वीस हजारांहून अधिक लोक जमले आणि आठवडाभर संगीत वाजत राहिलं. तिकीट नाही, परवाना नाही. गावकऱ्यांचे हाल झाले, वर्तमानपत्रं पेटली, आणि १९९४ साली जो कायदा आला त्यात ‘रेव्ह’ या शब्दाची सरकारी व्याख्या झाली. १०० किंवा अधिक माणसं, उघड्यावर, रात्रीची वेळ, ध्वनिवर्धकावरचं संगीत, आणि त्याच्या आवाजाचा जोर व लांबण इतकी की त्या भागातल्या रहिवाशांना गंभीर त्रास व्हावा. रहिवाशांचा त्रास हा व्याख्येचाच भाग आहे! ओसाड बेटावर तेच लोक तेच संगीत वाजवत नाचले तर या कलमापुरती ती रेव्ह नाही. शेजारी असेल तरच रेव्ह. पुढे २००३ साली शंभराचा आकडा वीसवर आणला.

त्या कायद्यातली संगीताची व्याख्या मला फार आवडते, म्हणजे वकिलाच्या धूर्तपणाचा नमुना म्हणून. संगीत या शब्दात ‘मुख्यतः एकामागोमाग एक, पुन्हापुन्हा येणाऱ्या ठोक्यांनी बनलेले आवाज’ही धरावेत, असं त्यात म्हटलंय. हे कशाला? उद्या कुणी कोर्टात उभं राहून “न्यायमूर्ती महोदय, हे संगीतच नव्हे, नुसते ठोके आहेत” म्हणालं तर सुटू नये म्हणून. ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडगोळीनं त्याच वर्षी एक रचना काढली, तिच्या कुठल्याही दोन आवर्तनांचे ठोके सारखे येणार नाहीत असे बसवून. पुनरावृत्तीच नाही, मग पकडा! (आपल्या ढोल-ताशाचं या व्याख्येनं काय झालं असतं, हा विचार मी मिरवणुकीत अडकलेली असताना नेहमी करते.)

फ्रान्समध्ये हेच शब्द गेले आणि वेगळ्या घरात राहू लागले. कॅसलमॉर्टननंतर स्पायरल ट्राइब या अशा पार्ट्या भरवणाऱ्या टोळीची मंडळी समुद्र ओलांडून तिकडे गेली, १९९३पासून टेक्निव्हल, म्हणजे टेक्नो संगीताचे मोठे खुले मेळावे, भरू लागले. तिथे ‘रेव्ह’ म्हणजे तिकीटवाली, रीतसर. ‘फ्री पार्टी’ म्हणजे विनापरवाना, दाराशी जमेल ते टाका. इंग्रजीतल्या ‘फ्री’चं मराठी करताना माझी मागच्या वेळीही तारांबळ उडाली होती: फुकट म्हणू की मुक्त? दोन्ही आहे, आणि एकही पुरा नाही. पोरं मात्र यातलं काहीच म्हणत नाहीत, ती ‘तफ’ म्हणतात. उत्सवासाठीचा ‘फेत’ हा फ्रेंच शब्द उलटा करून, आपण शाळेत ‘च’ची भाषा बोलायचो त्या चालीवर.

पण तुमचा प्रश्न असा की नावानं काय फरक पडतो. पैशांचा पडतो. १९८९च्या जुलैत पश्चिम बर्लिनमध्ये दीडशेएक लोक गाडीवर स्पीकर लावून रस्त्यात नाचत निघाले, ती पहिली लव्ह परेड. डॉक्टर मोटे या डीजेनं तिची नोंद राजकीय निदर्शन म्हणून केली होती. दशकभरात आकडा दहा लाखांच्या वर गेला आणि तरी ते निदर्शनच! निदर्शन असलं की मागचा कचरा शहर उचलतं. २००१ साली जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं हे निदर्शन नव्हे, करमणूक आहे असा कौल दिला आणि झाडूचं बिल आयोजकांकडे गेलं. तेच लोक, तोच रस्ता, तोच ठोका. बर्गहाइन या बर्लिनच्याच क्लबाचं प्रकरण याच जातीचं: तिथली रात्र ही मैफल की करमणूक? मैफल असेल तर कर ७ टक्के, करमणूक असेल तर १९. २०१६ साली न्यायालयानं मैफल ठरवली.

आणि परदेशात कशाला जायचं? २००५ साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. दिवे विझले का? पाट्या बदलल्या. बरेचसे बार ‘ऑर्केस्ट्रा बार’ झाले, कारण गाण्या-वाजवण्याचा परवाना वेगळा होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली, तरी ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द आपल्याकडे कायमचा डोळा मारत बोलला जाऊ लागला. शहरातल्या साध्या वाद्यवृंदवाल्यांची त्यात काय चूक होती?

तुमच्या रात्रीच्या दहाच्या नियमातही अशीच एक खिडकी आहे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा बंदी घालतात, पण राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. कशासाठी? ‘सांस्कृतिक वा धार्मिक उत्सव’ असेल तर. ‘पार्टी’ला त्यात जागा नाही, उत्सवाला आहे. आता सांगा, चोचले?

तुम्ही मला कोरेगाव पार्कात वाढलेली समजलात, असं तुमच्या भाषेवरून वाटलं. मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे या भानगडीला एकच शब्द आहे: डॉल्बी. “यंदा मंडळानं डॉल्बी सांगितलाय.” डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली आणि तिचं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेमुळे. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आम्ही आवाजालाच दिलं, आणि मग ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’चे फलक लावले! आमच्या आजोबांच्या फडताळात औषधाच्या बाटल्या होत्या, मिरवणूक कोपऱ्यावर आली की त्या आधी किणकिणायच्या. ठोका नंतर कळायचा. त्यामुळे तुमच्या काचा मला ऐकू येतात, विश्वास ठेवा. आणि हेही खरं की त्याच डॉल्बीपुढे मी चप्पल तुटेपर्यंत नाचले आहे. आजोबांच्या लेखी तो ‘धुमाकूळ’ होता, माझ्या लेखी ‘मिरवणूक’. दोघंही खोटं बोलत नव्हतो.

तिसरी हरकत. ड्रग्जबद्दल लिहिलं नाही हे खरं, आणि लिहायला हवं होतं. ब्रिटनमधली १९८८ची लाट आणि एक्स्टसीची गोळी यांची फारकत करणं म्हणजे थाप मारणं. गोव्यातही तेच. मात्र वर दिलेली इंग्लंडची व्याख्या पुन्हा वाचा, त्यात अमली पदार्थाचा उल्लेखच नाही. आपल्याकडे नेमकं उलटं: १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ‘रेव्ह’ हा शब्द नाही, गुन्हा आहे तो पदार्थ बाळगण्याचा, विकण्याचा, घेण्याचा. पण फार्महाउसवर छापा पडला की मथळ्यात ‘रेव्ह पार्टी’ येते, मग तिथे पाच माणसं आणि एक ब्लूटूथ स्पीकर का असेना. मराठी वर्तमानपत्रांत या शब्दातून संगीत पार निथळून गेलं आहे. ज्यांनी गुन्हा केला त्यांच्यावर तो गुन्हा लावा, माझी काही हरकत नाही. ‘रेव्हला गेला होता’ एवढ्यावर पोराचा फोटो छापू नका, इतकंच माझं म्हणणं.

एक गंमत तुमच्यासाठी राखून ठेवली होती. सायट्रान्स म्हणजे गोव्याच्या पार्ट्यांतून वाढलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि जर्मन पोरं त्याच्या पार्टीला ‘गोआ’ म्हणतात. शनिवारी “गोआला जाऊया” म्हणायचं आणि शेजारच्या पाइनच्या जंगलात जायचं. तुमच्या राज्याचं नाव तिकडे सामान्यनाम झालंय, बर्फात बूट घालून लोक ‘गोआ’त नाचतात. आणि खुद्द हणजूण-वागातोरला काय म्हणत? हिप्पींच्या काळापासून साधं ‘पार्टी’. ज्या जागेवरून जगानं शब्द घेतला, तिथे तो शब्दच नाही.

म्हणूनच तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य खिडकीचं नाही, आईच्या चटईचं आहे. त्या चटयांबद्दल मी वाचलंय: वाळूत अंथरलेली चटई, रॉकेलचा दिवा, स्टोव्हवर चहा, शेजारी ऑम्लेट, आणि नाचून दमलेले परदेशी पाय पसरून बसलेले. रात्रभर त्या ठोक्याच्या शेजारी बसून, न नाचता, न झोपता, कमाई करणारी ही माणसं. नाचणारा नाही आणि झोपमोड झालेला शेजारीही नाही, असा हा तिसरा कान. डूफ ऐकणाऱ्या शेजारणीचा शब्द नोंदला गेला, कायदा करणाऱ्यांचा नोंदला गेला. या बायकांचा मला कुठे सापडला नाही.

तेव्हा एक विनंती. आईंना विचाराल का, संध्याकाळी स्टोव्ह आणि पिंप उचलून निघताना त्या घरी काय सांगून निघायच्या? ‘पार्टीला जाते’ असं, ‘धंद्याला’ असं, की आणखी काही? कोंकणीत जसं म्हणायच्या तसंच लिहून पाठवा, मी मराठी करणार नाही.

आणि हो, अडीच वाजता काचा हादरल्या तर पोलिसांच्या ११२ला फोन करा. तिथे ‘सांस्कृतिक उत्सव’ चाललाय असं कुणी सांगितलं, तर मध्यरात्र उलटून गेली आहे, एवढंच म्हणा.