नवऱ्यांना दूर ठेवलं म्हणून युद्ध थांबलं? छे!

मार्च जवळ आला की हा मेसेज उगवतोच. यंदा तो भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात, तोंडपाठ होऊन, शिरलाय. म्हणून आता गप्प बसवत नाही. मेसेज थोडक्यात असा: ‘आफ्रिकेतल्या लायबेरियात 14 वर्षं युद्ध चालू होतं. 2003 साली तिथल्या बायकांनी ठरवलं, युद्ध थांबेपर्यंत नवऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही. पांढरी वैधव्याची वस्त्रं नेसून त्या रस्त्यावर बसल्या. काही दिवसांत पुरुषांनी बंदुका टाकल्या. भारताच्या महिला सैनिकांनीही मदत केली. मग देशाची सूत्रं एका बाईकडे आली आणि युद्ध कायमचं संपलं. बायका राज्य करतील तर जगात युद्धच होणार नाही!’

आधी त्या नवऱ्यांचं बघू, कारण सगळ्या टाळ्या तिथेच पडतात.

असा संप झाला होता का? झाला होता. घोषणा झाली, काही महिने तो अधूनमधून चालला. पण त्याचा परिणाम किती झाला, हे आंदोलनाच्या नेत्या लेमा बोवी यांनी आपल्या आत्मकथनात स्वच्छ लिहून ठेवलंय: प्रत्यक्षात जवळजवळ शून्य, फक्त वार्ताहरांचं लक्ष वेधायला उपयोग झाला. ज्या बाईला 2011 साली याच कामासाठी नोबेल मिळालं, ती स्वतः हे सांगते, आणि आपण मात्र अशाच संपावरच्या, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रहसनाची गोष्ट तिच्या नावावर खपवतो.

आणि जरा डोकं चालवा. लढणारे कोण होते? संध्याकाळी घरी येऊन जेवणारे नवरे नव्हेत. तेव्हाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर याच्या फौजेत लहान मुलांची वेगळी तुकडी होती. बंडखोरांकडेही पोरंच होती, घरापासून कित्येक मैलांवर, अमली पदार्थांच्या अमलाखाली. त्यांच्या तळांवर पळवून आणलेल्या मुली होत्या. बलात्कार हे त्या युद्धातलं रोजचं हत्यार होतं. जिथे बाईच्या ‘नाही’ला किंमत असती तिथे हा संप चालला असता. तिथे ती किंमत नव्हती, म्हणून तर त्या बायका रस्त्यावर आल्या. हा मेसेज नुसता चुकीचा नाही. नीट वाचला तर तो त्या बायकांनाच विचारतो, मग आधीच का नाही म्हणालात? हे मला सहन होत नाही.

मग झालं काय? कंटाळवाणं, चिकाटीचं काम. ‘शांतता उभारणीतील महिलांचं जाळं’, म्हणजे विपनेट, ही संघटना ख्रिस्ती बायकांमध्ये काम करत होती. पोलीस खात्यातल्या आसातू बा केनेथ यांनी मुस्लिम बायकांची फळी उभी केली. त्यांचा सवाल साधा होता: गोळीला ख्रिस्ती कोण, मुसलमान कोण हे कळतं का? शुक्रवारी मशिदीबाहेर, शनिवारी बाजारात, रविवारी चर्चबाहेर पत्रकं वाटायची. वाचता न येणाऱ्यांसाठी पत्रकावर चित्रं. एप्रिल 2003 पासून राजधानी मन्रोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानात ठिय्या सुरू झाला. जागा मुद्दाम निवडलेली होती: टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज त्याच रस्त्याने जायचा. उन्हात बसल्या, मग पावसाळा लागला तरी उठल्या नाहीत. 23 एप्रिलला टेलरने त्यांना भेटीला बोलावलं आणि वाटाघाटींना माणसं पाठवायचं कबूल केलं. काही जणी शेजारच्या सिएरा लिओनला जाऊन बंडखोर नेत्यांनाही गाठून आल्या. एकाच बाजूवर दबाव आणला असता तर दुसरीने तोच मोका साधला असता, एवढं त्यांना कळत होतं.

वाटाघाटी 4 जूनला घानात सुरू झाल्या. 17 जूनला युद्धविरामावर सह्या झाल्या आणि तो लगेच मोडलाही. टोळीप्रमुख छान हॉटेलांत राहत होते, खर्च दुसऱ्यांचा. सही लांबली तर त्यांचं काय बिघडत होतं? 21 जुलैला मन्रोव्हियात अमेरिकी वकिलातीच्या आसपास, जिथे विस्थापित आसऱ्याला होते तिथे, तोफगोळे पडले. त्याच दिवशी घानाच्या राजधानीत, आक्रात, सुमारे दोनशे बायका बैठकीच्या दालनाच्या दारात हातात हात गुंफून बसल्या. करार होईपर्यंत आतला कुणी बाहेर येणार नाही. सुरक्षारक्षक अटक करायला आले, तेव्हा बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या बाईने पुरुषांसमोर असं करणं हा शाप समजतात. रक्षक मागे सरले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करी शासक अब्दुलसलामी अबुबकर. बाहेर पडू पाहणाऱ्या एका टोळीप्रमुखाला त्यांनीच झापून परत आत पाठवलं. उठण्याआधी बायकांनी अटी घातल्या: प्रतिनिधींनी बैठका चुकवायच्या नाहीत, आणि येता-जाता आम्हाला अपशब्द बोलायचे नाहीत. दुसरी अट वाचून हसू येईल, पण तोवर त्यांनी काय काय ऐकून घेतलं असेल ते यातून कळतं. 18 ऑगस्टला सर्वंकष शांतता करार झाला.

आता नाइलाजाने एक कबुली. हे एकट्या बायकांनी केलं असंही नाही. बंडखोर राजधानीत घुसले होते. सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने टेलरवरचं युद्धगुन्ह्यांचं आरोपपत्र नेमकं 4 जूनलाच जाहीर केलं. ऑगस्टच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकी फौजा उतरल्या, किनाऱ्याजवळ अमेरिकी युद्धनौका होत्या, आणि 11 ऑगस्टला टेलर पायउतार होऊन नायजेरियाला गेला. बायकांनी काय केलं, तर तोफा चालू असताना टेबल सोडून जाण्याची सोय बंद केली.

बाकीचं झटपट. ‘14 वर्षं’: मध्ये 1997 ते 1999 खंड होता, युद्धं दोन. ‘वैधव्याची वस्त्रं’: हा आपल्याकडचा अर्थ तिकडे चिकटवलाय. पांढरा रंग शांततेचा, आणि दागिने-प्रसाधन वर्ज्य अशासाठी की श्रीमंत-गरीब, ख्रिस्ती-मुस्लिम वेगळे दिसू नयेत. ‘महिला सैनिक’: आपल्या महिलांची तुकडी गेली हे खरं आणि अभिमानाचं, पण ती केंद्रीय राखीव पोलीस दलाची होती आणि पोचली जानेवारी 2007 मध्ये. युद्ध संपून तीन वर्षं उलटली होती.

‘बाई सत्तेवर आली म्हणून युद्ध संपलं’ हे तर उलटंच. करार 2003 चा, एलन जॉन्सन सरलीफ अध्यक्षपदी निवडून आल्या 2005 मध्ये. मतदार नोंदणीला जायचं तर दुकान कोण बघणार, पोर कोण सांभाळणार, अशी बाजारातल्या बायकांची अडचण होती. ती कामं कार्यकर्त्यांनी अंगावर घेतली, तेव्हा नावं लागली. आणि सुरुवातीच्या काळात टेलरला पैसे दिल्याचं याच सरलीफबाईंनी पुढे मान्य केलं. बाई म्हणजे शांतता, हे समीकरण इंदिराबाई आणि थॅचरबाईंच्या काळात जगलेल्यांनी तरी फॉरवर्ड करू नये.

‘कायमचं संपलं’ हेही आपोआप घडलेलं नाही. डिसेंबर 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रं जमा करायला एक तळ उघडला. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लढवय्ये थडकले, सैनिक अपुरे, शस्त्र टाकल्याचे पैसे कधी मिळणार याची धड माहिती कुणाला नाही. गोळीबार झाला, काम बंद पडलं, ते थेट एप्रिल 2004 मध्ये पुन्हा सुरू झालं. शेवटी 1 लाखाहून जास्त माणसांची नोंद झाली आणि बंदुका जमा झाल्या सुमारे 28 हजार. या फरकात लबाड घुसखोर आहेत, तसेच ज्यांच्या हातात कधी बंदूक नव्हती तेही आहेत: स्वयंपाकाला, ओझी वाहायला पळवलेल्या बायका आणि मुलं. ‘बंदूक आण, पैसे ने’ एवढाच नियम ठेवला असता तर त्या बायका त्याच कमांडरच्या ताब्यात राहिल्या असत्या.

पुढे 2011 च्या निवडणुकीत तिथल्या बायकांनी एक नियंत्रण कक्ष चालवला. कुठे मारामारी, कुठे धमकी, असे फोन घ्यायचे, पोलिसांना आणि निवडणूक आयोगाला कळवायचं, आणि वजन असलेल्या ज्येष्ठ बायकांनी पक्षनेत्यांना गाठायचं. ही पद्धत मग सेनेगल, सिएरा लिओन, केनियानेही उचलली. भाचीच्या भाषणाला पाच मिनिटं आहेत. नवऱ्यांचा परिच्छेद काढला तर एवढं सहज बसतं.