पैशाचं नाव न काढता म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती कशी वाचवावी

ज्येष्ठांच्या विसराळूपणावर शिबिर घ्यायचं तुम्ही मनावर घेतलंच असेल, तर एक पथ्य कडक पाळा. शब्दकोडी, ध्यान, डाव्या हाताने दात घासणं, कशावरही तासभर बोला. समोरच्याने पोटासाठी काय केलं आणि तो किती शिकला, एवढं मात्र विचारू नका. तो विषय निघाला की विरस होतो.

सुरुवात चाचणीने करा. १९७५ पासून चालत आलेली ३० गुणांची चाचणी सोयीची आहे. २४ च्या खाली गेला तो स्मृतिभ्रंशाचा संशयित, असा सर्वसाधारण ठोकताळा. समोरच्या आजींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही? बिघडलं कुठे, त्यांनाही तोच कागद द्या. ‘डोळे मिटा’ हे वाचून तसं करायचं: १ गुण गेला. मनाने एक वाक्य लिहायचं: दुसरा गेला. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायचे; जन्मात पेन्सिल धरली नसेल तर तिसराही गेला. मग १०० मधून ७ वजा करत जायचं, ९३, ८६, ७९, ७२, ६५. तोंडी वजाबाकीची सवय नसेल तर इथे ५ एकदम. बाकी सगळं अचूक आलं तरी बेरीज २२. कोणाकडून किती येणं आहे आणि कोणाला किती देणं आहे हे आजींना तोंडपाठ असेलही, पण त्याला कागदावर रकाना नाही.

शेजारच्या खुर्चीवर निवृत्त प्राध्यापक आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांना ३० पडले असते, आज २६ पडले. त्यांना ‘वयाच्या मानाने उत्तम’ म्हणून टाळ्या द्या. घसरले ते, आजी होत्या तिथेच आहेत. पण घसरण मोजायला आधीचा आकडा लागतो, आणि तो एका दिवसाच्या शिबिरात कुठून आणणार?

कोणी फारच कुरकुर केली तर दुसरी चाचणी काढा. तीही ३० चीच, पण तिच्यात १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला १ गुण वाढवून मिळतो. बारावीला थांबलेल्यालाही १, पाटी न पाहिलेल्यालाही १. समता म्हणतात ती हीच.

प्राध्यापकांच्या बाबतीत एक गोष्ट त्यांच्या घरच्यांपासून लपवा. शिक्षण आणि डोकं चालवावं लागणारं काम यांतून मेंदूकडे एक राखीव साठा जमतो. एक वाट बंद पडली तर मेंदू आडवाटेने काम निभावतो, म्हणून रोग आत बराच पसरेपर्यंत बाहेर दिसत नाही. पण एकदा दिसला की पुढची उतरण अनेकदा जास्त वेगाने होते. साठा संपल्यावरच तो दिसलेला असतो ना.

त्याआधीच्या वेगाचं म्हणाल, तर बऱ्याच अभ्यासांत शिकलेल्या आणि न शिकलेल्यांच्या घसरणीच्या वेगात फारसा फरक आढळत नाही. फरक असतो सुरुवातीच्या उंचीत. एक जण तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरतो आहे, दुसरा खालून दुसऱ्या पायरीवरून. दुसऱ्याला ‘जरा सावकाश उतरा’ असा मोलाचा सल्ला द्या.

आता पत्रकासाठी यादी. ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले, ते सगळे दूर झाले तर स्मृतिभ्रंशाचे जवळपास ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा अंदाज. तुम्ही त्यातले व्यायाम, धूम्रपान आणि मद्यपान एवढेच छापा. ते माणसाच्या अंगावर ढकलता येतात. लहानपणी कमी शिक्षण, हवेचं प्रदूषण, एकटेपणा, न तपासलेले डोळे आणि कान ही नावं गाळा, नाहीतर लोक तुमच्याकडेच बघायला लागतील.

कानांची तर विशेष काळजी घ्या. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. सर्वांचं मिळून पाहिलं तर श्रवणयंत्राने तीन वर्षांत घसरणीत फरक पडला नाही. पण ज्या गटात वय, मधुमेह, रक्तदाब जास्त आणि शिक्षण, उत्पन्न कमी होतं, त्यात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे यंत्राचा उपयोग नेमका ज्यांना ते परवडत नाही त्यांना. अशी माहिती शिबिरात शोभत नाही. सुडोकूची वही वाटा, स्वस्त पडते.

तरी एखादा आगाऊ श्रोता गरिबीवर आलाच, तर उलट बाण सोडा: ‘अहो, आजारामुळेच माणूस गरीब होतो!’ यात तथ्यही आहे. निदानाच्या सहा वर्षं आधीपासून बिलं थकायला लागतात, असं २०२० च्या एका अभ्यासात आढळलं. तो गप्प बसेल. फक्त सातव्या वर्षी सुटलेली शाळा सत्तराव्या वर्षीच्या आजाराने कशी सुटली, हे त्याने विचारायच्या आत चहा आणवा.

सहा महिन्यांनी तीच चाचणी, तेच प्रश्न, लक्षात ठेवायला दिलेले तेच तीन शब्द पुन्हा घ्या. सरावाने गुण थोडे वाढू शकतात. ते शिबिराच्या खाती मांडा. दुसऱ्या खेपेला काही जण येणार नाहीत: ज्यांचा रोज बुडतो ते, ज्यांना आणायला कोणी नाही ते, आणि ज्यांची सर्वांत जास्त घसरण झाली ते. त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहा आणि सरासरी काढताना वगळा. आलेख वर जाईल. पहिल्या पानावर छापा, शेजारी प्राध्यापकांचा फोटो.