शेडनेट काढायला लावलं कुणी?

आज डोकं फिरलंय. लिहून मोकळा होतो.

लेकीच्या ॲडमिशनच्या चौकशीला आपल्याच बेळगाव भागातल्या एका विद्यापीठात गेलो होतो. नाव घालत नाही, उगीच कटकट नको. नवी कोरी ग्रीन बिल्डिंग. दारात मानांकनाची चकचकीत पाटी, गच्चीवर सोलर, नळांना सेन्सर, मधोमध मोकळा चौक. एक तरुण सर आम्हा पालकांना फिरवून दाखवत होते. हायवेकडच्या भिंतीपुढं दोन फूट सोडून भोकाभोकांच्या पत्र्याची जाळी उभी केलीय. सर मनापासून सांगत होते, "याला सेकंड स्किन म्हणतात. ऊन जाळीवरच अडतं, मधल्या फटीतनं गरम हवा वर निघून जाते. आतली भिंत तापत नाही."

मी मनात म्हटलं, अरे, ही तर आज्ज्याची ताटी!

खानापूर तालुक्यात जांबोटीकडं आमचं घर. मे संपत आला की आज्जा पश्चिमेच्या मातीच्या भिंतीला गवताची ताटी बांधायचा. भिंतीला चिकटवून नाही, हातभर अंतर सोडून. पावसाची झड तिकडनंच येते, आणि मेचं उरलंसुरलं ऊनही तिकडनंच. मी सुतळीचं टोक धरून उभा. बेळगावातले मित्र सुट्टीत आले की त्या ताटीची मला लाज वाटायची.

असो. मग आम्ही पश्चिमेच्या बाजूला गेलो. तिथं जाळीच नाही! अख्खी काच. दुपारचे चार वाजलेले. ऊन येतं म्हणून पडदे ओढलेले, पडद्यांनी अंधार म्हणून ट्यूबा चालू, आणि वर एसी. हायवेवरून दिसते ती बाजू सजवली आणि ऊन येतं ती तशीच सोडली. काच भारीतली असेल, उष्णता कमी आत सोडत असेल, ठीक आहे. पण काचेला पाठ लावून दहा मिनिटं बसून दाखवा.

सज्जाला सुतळीचे तुकडे लोंबत होते. शिपाईमामांना विचारलं. हळूच म्हणाले, "शेडनेट बांधलं होतं ओ, नर्सरीतनं आणून. एसी लावला तरी पोरं खिडकीकडं बसत नाहीत. आज पावणे येणार म्हणून सायबांनी काढायला लावलं. हिरवं नेट बरं दिसत नाही म्हणे."

ग्रीन बिल्डिंगला हिरवं नेट शोभत नाही!

अरे, आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर. संध्याकाळी वारा सुटला की पंखासुद्धा नको वाटतो. कॅम्पातले इंग्रजांच्या वेळचे बंगले बघा, खोल व्हरांडे, उंच छत, वर कौलं. परक्या साहेबाला कळलं ते आपल्या साहेबाला कळू नये? विटा म्हणे लांबून ट्रकनं आणल्या, आणि शेजारी खानापूरला जांभा दगड पडलाय. (होय, जांभ्याच्या खाणींनी डोंगर पोखरले जातात. माहीत आहे मला.)

पावसाच्या पाण्याचं काम मात्र चोख आहे, तेवढं कबूल करतो. हजार चौरस फूट छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी नव्वद लिटरच्या वर पाणी होतं, आणि इथं ते सगळं टाकीत उतरवलंय. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी विहीर खणणारं गाव आपलं, त्यामुळं बघून बरं वाटलं.

घरी येऊन आईपुढं तणतणलो. म्हटलं, आज्ज्याला हे सगळं शाळा न शिकता कळत होतं. आई गवारी निवडत होती. म्हणाली, "तुझा आज्जा ताटी बांधायचा आणि चार महिने माझ्या सैपाकघरात काळोख. धुरात रांधलंय मी. ते नाही आठवत तुला?"

नव्हतं आठवत. सुतळी तेवढी आठवत होती.

म्हणजे त्या पोरसवदा सरांची भोकांची जाळी आज्ज्याच्या ताटीपेक्षा शहाणी. ऊन अडवते आणि उजेड सोडते. आईला त्या वेळी मिळायला हवी होती तसली. मग पश्चिमेला का नाही लावली रे बाबांनो? आता पुन्हा राग यायला लागला.

एक सांगायचं राहिलं. निघताना मामांना विचारलं, आता काय करणार? त्यांनी खिशातनं सुतळीचा गुंडा काढून दाखवला. "पावणे गेले की बांधतो की."

पाहुणे पाचला गेले. मामा स्टुलावर चढले, मी खाली सुतळीचं टोक धरून उभा. लेक मात्र लांब गाडीपाशी जाऊन थांबली, ओळख नसल्यासारखी.