पहिल्याच फोनवर फी विचारा

समुपदेशकाला पहिला फोन कराल तेव्हाच फी किती ते विचारा. एक भेट किती वेळाची, ऐन वेळी जाता आलं नाही तर पैसे भरावे लागतात का, त्यांचं शिक्षण काय, हेही विचारा. दापोली-मंडणगड-गुहागर या आपल्या पट्ट्यात असं विचारणं म्हणजे आगाऊपणा समजतात. समोरचा शिकलेला, आपण अडलेले, मग "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत मान डोलवायची. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे समुपदेशन अर्ध्यावर सोडणाऱ्या कितीतरी जणांचं घोडं इथेच अडतं. पहिल्या दिवशी न विचारलेला प्रश्न पुढे प्रत्येक भेटीत डोक्यात राहतो, आणि एक दिवस माणूस काही न सांगता जायचंच बंद करतो.

मी स्वतः बराच काळ जात होते, म्हणून हे लिहिते आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात आमची नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली. झाडं पुन्हा लावली. पण त्यानंतर मे संपत आला की माझी झोप उडायची, वारा जरा वाढला की छातीत धडधडायचं. हृदयाचे डॉक्टर झाले, सगळे रिपोर्ट चांगले आले, आणि त्यांनीच सांगितलं की एकदा समुपदेशकाकडे जाऊन या. माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या घाबरून म्हणाल्या, "म्हणजे रत्नागिरीला?" राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, आणि त्या गावाचं नाव आपल्याकडे थट्टेत काय म्हणून घेतात ते सर्वांना ठाऊक आहे. ही थट्टा थांबायला हवी. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात रोज साधी, कामाधंद्याची माणसं जाऊन औषधं घेऊन येतात आणि बरी होतात.

आता कोण कोण असतं ते सांगते, कारण इथे फार घोटाळा होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे याच विषयात शिकलेले डॉक्टर. गोळ्या तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसिक चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक मागता येतो. समुपदेशकांनी बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम केलेला असतो. पण चार दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही आहेत, म्हणून तर शिक्षण विचारायचं. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पहिली भेट साधारण पाऊण तास ते तासाभराची असते आणि तिच्यात बराचसा वेळ माहिती घेण्यात जातो. झोप, भूक, चालू औषधं, थायरॉईड, घरात कोण कोण, पूर्वी कुणाला असा त्रास होता का, दारू किंवा तंबाखू आहे का. एक संमतीपत्र वाचून सही करायची असते, ते खरोखर वाचा. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्या माणसाचं नाव घेतात. आणि एक प्रश्न सरळ येतो: जीव द्यावासा वाटतो का? ऐकून दचकू नका. विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात पेरला जात नाही, उलट ज्याच्या मनात आधीच आहे त्याला बोलायला जागा मिळते. जे असेल ते खरं सांगा.

पहिल्या दिवशी सगळं सांगून टाकलंच पाहिजे असं मात्र नाही. "यावर आज नको" म्हटलेलं चालतं. मी लग्नाआधीच्या एका गोष्टीबद्दल कितीतरी भेटी गप्प होते, माझ्या समुपदेशक बाईंनी एकदाही ओढून काढायचा प्रयत्न केला नाही.

आपल्या भागातली खरी भीती फीची नाही, बभ्रा होण्याची आहे. स्कूटर कुणाच्या दारात उभी आहे त्यावरून इथे दुपारपर्यंत अर्ध्या आळीला बातमी असते. आणि समुपदेशक तालुक्यातलाच असेल तर तो कुणाचा तरी मेहुणा, कुणाच्या तरी मुलीच्या शाळेतला निघतोच. म्हणून गुप्ततेबद्दल स्पष्ट बोलून घ्यायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. नवऱ्यानं, आईनं, सरपंचानं येऊन विचारलं तरी तुमच्या परवानगीशिवाय सांगायचं नसतं. अपवाद असतात आणि ते समुपदेशकाने पहिल्याच भेटीत सांगायला हवेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर, न्यायालयाने मागितलं तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. शेवटच्या बाबतीत पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. हे अपवाद ऐकून मला उलट हायसं वाटलं. कुठे कुंपण आहे ते कळलं की आतल्या जागेत मोकळं बोलता येतं.

नात्यातल्या किंवा रोज भेटणाऱ्या समुपदेशकाकडे जाऊच नये, आणि त्यांनीही अशा माणसाला घेऊ नये, दुसरीकडे पाठवावं. थोडं लांबचं गाव बघा, जिथे "कुणाची गो तू?" हा प्रश्न माहिती म्हणून विचारला जाईल, नातं लावायला नाही. आणि बाजारात, लग्नात, पालखीला समोरासमोर आलात तर काय करायचं, तेही आधीच ठरवून घ्या. माझ्या बाईंनी आपणहून सांगितलं होतं, "मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मी हसेन." शिमग्यात एकदा खरंच गाठ पडली. मी हसले, त्या हसल्या, सोबतच्या जावेला काही विचारायची वेळच आली नाही.

दुसरी मोठी निराशा होते ती सल्ला न मिळण्याची. आपण देवळात गाऱ्हाणं घालतो, कौल लावतो, उजवा पडला की मन निवांत होतं. समुपदेशक कौल देत नाही. वाडी विकू का, सासरी राहू का, यावर तो "तुम्हाला काय वाटतं?" असंच परत विचारतो, आणि पहिल्यांदा याचा अतिशय राग येतो. एवढे पैसे मोजून माझाच प्रश्न मला परत? पण उत्तर माझ्या तोंडून निघालं तेव्हाच ते मला पाळता आलं, दुसऱ्याचं पाळता आलं नसतं असं आज वाटतं. मधे शांतता पडते, तीही सुरुवातीला जड जाते. घरी करायला काम देतात: धडधड कधी झाली, आधी काय चाललं होतं, मनात कुठला विचार आला, हे वहीत लिहायचं. कंटाळा येतो, पण याचा उपयोग झाला. माझी धडधड वाऱ्याने नाही, हवामानाच्या बातम्या सारख्या बघण्याने सुरू होते, हे त्या वहीतून कळलं.

सुरुवातीच्या काही भेटींनंतर जास्तच रडू येतं, स्वप्नं पडतात, अंग मोडून येतं. हे होऊ शकतं, घाबरू नका, पण पुढच्या भेटीत सांगा. भेट संपल्यावर लगेच एसटी पकडून घरी येऊन चुलीपुढे उभं राहायचं, असं ठेवू नका. मधे थोडा वेळ ठेवा, कुठेतरी बसा, चहा प्या.

ऑनलाइन भेटी मी पावसाळ्यात घेत असे. ओटीवर बसून बोललं की माजघरात ऐकू जातं, म्हणून मी माळ्यावर जायची. लाईट किंवा रेंज गेली तर परत फोन कुणी करायचा ते आधी ठरलेलं असावं. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना, किंवा आंब्याच्या दिवसांत, खाडा होणार हे आधीच कळवून टाका, म्हणजे पैशांवरून कटुता येत नाही.

चार-सहा भेटींनंतर "काय साधलं, पुढे किती दिवस?" असं थेट विचारा. जमत नसेल तर समुपदेशक बदलता येतो, त्यात कुणाचा अपमान नाही. पण काही गोष्टी दिसल्या तर वाट न बघता उठा: पत्रिका मागणं, अमुक भेटींत बरं करतो अशी हमी, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणं, उसने पैसे, रात्रीचे व्हॉट्सअॅप. दुसऱ्या कुणाची हकिगत नावगावासकट तुम्हाला सांगणारा तुमचीही कुठेतरी सांगतच असणार.

घरी कुणाला सांगायचं? सगळ्यांना नको, पण एकाला तरी सांगा. डोळे तपासायला जाते, असं दर आठवड्याला किती दिवस सांगणार?

खासगी फी सगळ्यांना परवडत नाही, मेडिक्लेममध्येही हा खर्च सहसा धरत नाहीत. फी कमी करता येईल का, हे विचारायलाही संकोच करू नका, बरेच जण करतात. नाहीच जमलं तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. आणि सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली, क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील त्यांनी पुढच्या आठवड्यातल्या अपॉइंटमेंटची वाट बघू नये, आजच हा फोन करावा, आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून घ्यावं.