आमच्या घरची खाण

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात जमिनीखाली चुनखडक पसरलेला आहे. गडचांदूरच्या आसपास सिमेंटचे कारखाने उगीच नाही उभे राहिले. डायनासोरचा पत्ता नव्हता तेव्हापासून पडून असलेला हा दगड आता दळून, भाजून, पोत्यांत भरून गावोगाव जातो. त्याचे पूल होतात, फ्लॅट होतात. इतकं सगळं नेऊनही जो उरतो, तो आमच्या घरी येतो. नळाने.

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड पिऊन जरा आंबट होतं. त्या आंबटपणात चुनखडक गुपचूप विरघळतो आणि बोअरमध्ये उतरतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, कुठे संशय येत नाही. तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि दगड पुन्हा दगड होतो. फक्त तेवढ्यात त्याने पत्ता बदललेला असतो. आधी तो शेताखाली होता, आता गीझरमध्ये असतो.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणत. मला तेव्हा ते दुर्वासांच्या धाकट्या भावाचं नाव वाटायचं. आता रोज आंघोळीला त्याच्याशी गाठ पडते, आणि स्वभाव तोच आहे. साबण अर्धा झिजतो, फेस म्हणाल तर नावाला नाही. अंगावर नुसता चिकट साका. नागपूरचे साडूभाऊ एकदा आंघोळीला गेले आणि आतून ओरडले, “अहो, हा साबण आहे की खडू?”

मागच्या वर्षी पाण्याची बाटली तपासायला दिली. कागद आला : एकूण कठीणपणा लिटरला 640 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं, 200 पर्यंत ठीक. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या. पुढच्या 40 चं काय करायचं, यावर मानकही गप्प आहे.

पण साबण, बादल्या, नळाच्या तोटीला फुटलेली पांढरी दाढी, हे सगळं माणूस सोसतो. वरणाचं दुःख वेगळं.

बहिणीला पाहायला वणीकडचे पाहुणे आले होते. आईने पहाटेपासून स्वयंपाक मांडला. तुरीची डाळ कुकरला लावली, चार शिट्ट्या, सहा, नऊ. झाकण उघडलं तर खाली डाळ, वर पाणी. सोयरीक मोडलेल्या दोन घरांसारखे एकमेकांकडे पाठ करून बसलेले. पाण्यातला कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा जोडून ठेवणाऱ्या डिंकाला, असा काही धरून ठेवतो की दाणा फुटायचं नाव घेत नाही. आईने रवीने घोटलं, पळीने रगडलं, शेवटी चिमूटभर खायचा सोडा टाकला. सोड्याने डाळ शिजते खरी, पण वेळेवर टाकला तर. पाहुणे माणसं फार भली. त्यांनी भातावरचं तूप वाखाणलं आणि वरण चावून खाल्लं. माझ्या आयुष्यात चावून खाल्लेलं वरण मी तेवढंच पाहिलं. (सोयरीक जुळली. मुलाकडचं पाणी आमच्यापेक्षा खारं निघालं.)

तेव्हापासून नाल्याकाठच्या विहिरीवरून मोटारसायकलला दोन कॅन अडकवून गोडं पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. गावात कोणी विचारलं, “कुठी चालले?” की मी सांगतो, “वरण आणाले.”

गीझर घेतला तो हौसेने. पहिली थंडी छान गेली. दुसऱ्या थंडीत तो आतून खडखडायला लागला, कोणी गोटे उकडत ठेवावेत तसा. मग पाणी तापायला अर्धा तास, मग पाऊण, मग एक दिवस कायमचा थंड. मेकॅनिक आला. त्याने कॉइल बाहेर ओढली, म्हणजे ओढायचा प्रयत्न केला, कारण बोटाएवढी आत गेलेली कॉइल मनगटाएवढी झाली होती. दगडाची शाल पांघरून बसलेली ती बिचारी पाणी तापवायच्या ऐवजी स्वतःच तापत राहिली आणि जळाली. टाकीतून त्याने घमेलंभर पांढऱ्या खपल्या काढल्या.

तोंडात खर्रा होताच त्याच्या, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला. मी गमतीने म्हटलं, “घेऊन जा, चुना फुकट.”

त्याने एक खपली उचलून बोटांनी चुरली, पाहिली, आणि जाणकारासारखी खाली ठेवली. “नाही जमत जी भाऊ. हा कच्चा माल हाये. भट्टीत भाजा लागते, मंग पान्यात इझवा लागते, तवा कुठी चुना होते.”

नव्या कॉइलचे पैसे मात्र त्याने पक्क्या मालाचे घेतले.

आणि कूलर! उन्हाळ्यात कूलरशिवाय आमच्याकडे माणूस जगत नाही. आता कूलर उडवतो ते निव्वळ पाणी. दगड ठेवतो आपल्याकडे. मी एकदा हिशोब केला. दिवसाला 80 लिटर पाणी, लिटरला 640 मिलिग्रॅम, म्हणजे रोजचे 51 ग्रॅम. दोन महिन्यांत तीन किलो. आधी पन्हाळीची भोकं बुजतात, मग पंप आचके देतो, आणि मेच्या शेवटी ताटीतून वारा येईनासा होतो, कारण ती ताटी उरलेलीच नसते, भिंत झालेली असते. गेल्या साली काढलेली ताटी कशाचाही टेकू न घेता अंगणात उभी राहिली. आईने ती कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली. मांजराला अजून फोडता आलेली नाही.

उपाय केले नाहीत असं नाही. महिन्यातून एकदा लिंबूसत घालून नळाची जाळी उकळतो. फसफसून निघते, आठ दिवस धार सरळ पडते. मग पाणी मऊ करायचं यंत्र विकणारा एक जण आला. त्यात रेझिनचे दाणे असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात, बदल्यात सोडियम सोडतात, आणि दमले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवायचं. आई कान देऊन ऐकत होती.

“म्हंजे खारं पानी सुधराले पोत्यानं मीठ आनाचं?”

“हाव, आजी.”

“एक कर्ज फेडाले दुसरं,” आई म्हणाली आणि आत गेली. त्याचा चहा तेवढा बाहेर आला. तोही नाल्याकाठच्या पाण्याचा.

परवा पोरगा शाळेतून आला. “बाबा, सरनं खडकाचे नमुने आनाले सांगतलं.” मी चप्पल घालायला लागलो, म्हटलं, खाणीच्या रस्त्याने जाऊन येतो. तोवर हा बाथरूममधून हातोडी घेऊन बाहेर आला. जुन्या हंड्याच्या बुडाचा तळहाताएवढा तुकडा त्याने काढला होता, थरावर थर, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. शाळेत सरांनी त्यावर लिंबू पिळलं. फसफसलं. चुनखडक, एकदम शुद्ध, म्हणाले. दहापैकी दहा दिले.

मग वहीत लिहायला त्यांनी विचारलं, “कोणत्या खाणीतला?”

पोराने आमच्या घराचा पत्ता सांगितला.