कारण कळलं की भीती संपते का? (कराडच्या दादांच्या कमेंटला उत्तर)

दादा, तुमची कमेंट नीट वाचली, आणि एवढी मोठी लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू, पुस्तक शेवटपर्यंत वाचून कुणी भांडायला आलं की मला मनापासून बरं वाटतं. ज्यांनी कमेंट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, दादांचं म्हणणं असं की डीन कुंट्झच्या ‘फँटम्स’ या भयकादंबरीची सुरुवात जबरदस्त आहे, अख्खं गाव गप्प, माणूस दिसत नाही, पण पुढं लेखक तो राक्षस काय आहे, कुठून आला, कशानं मरतो ते सगळं समजावत बसतो आणि तिथं भीतीच संपते, शेवटी ते तेल खाणारे जीवाणू तर निव्वळ फेकाफेकी, आणि वर हे अमेरिकेतलं स्कीइंगचं गाव, सातारा-सांगलीच्या माणसाला त्याचं काय पडलंय. (पुढं शेवट फुटणार आहे, पुस्तक वाचायचं असेल तर इथंच थांबा.)

मला हे अजिबात पटलं नाही, आणि का ते पुस्तकातूनच सांगतो.

डॉक्टर जेनी धाकट्या बहिणीला, लिसाला घेऊन स्नोफिल्डला येते, सीझन नाही त्यामुळं गावात पाचशेच्या आसपास माणसं, घरात कामवाली बाई मरून पडलेली, फोन उचलला तर टोन नाही पण पलीकडं कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. इथवर आपलं दोघांचं एकमत. पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते लॉजमधल्या बाथरूमनं. दार आतून बंद, फोडून बघतात तर आत कुणीच नाही, आणि आरशावर टिमथी फ्लाईट हे नाव आणि ‘द एन्शंट एनिमी’ एवढंच लिहिलेलं. जरा विचार करा दादा, ते लिहिणाऱ्या माणसाकडं शेवटची दोन-चार मिनिटं होती, दाराबाहेर ते काय आहे हे त्याला कळलेलं, आणि त्यानं बायकापोरांचं नाव लिहिलं नाही, देवाचं लिहिलं नाही, मागून येणाऱ्याला कारण कुठं सापडेल तो पत्ता लिहिला. म्हणजे कारण शोधणं हे लेखकानं उत्तरार्धात वरून चिकटवलेलं नाही, ते मेलेल्या गावानंच मागितलंय. तो फ्लाईट म्हणजे गावंच्या गावं गायब कशी झाली यावर पुस्तक लिहिणारा माणूस, ‘द एन्शंट एनिमी’ हे त्या पुस्तकाचंच नाव, आणि त्याच्या उदाहरणांत अमेरिकेतली खरोखरची रोआनोक ही इंग्रजांची वसाहतही येते. १५९० साली तिचा गव्हर्नर जॉन व्हाईट तिथं परत आला तर शंभरावर माणसं गायब, आणि लाकडावर कोरलेला एक शब्द, क्रोएटोअन, म्हणजे जवळच्या एका बेटाचं नाव. तिथं नक्की काय झालं याचं पक्कं उत्तर आजपर्यंत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच लोक ती गोष्ट आता मजेत सांगतात. उत्तर नसलं की प्रत्येकजण आपल्याला झेपेल तसं उत्तर घालतो.

आता जीवाणूंचं. ही फेकाफेकी नाही हो. आनंद मोहन चक्रवर्ती, आपल्या बंगालमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ, त्यांनी अमेरिकेत कच्चं तेल पचवणारा जीवाणू तयार केला, पेटंटसाठी केस पार तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ असा त्यांच्या बाजूनं निकाल लागला. कादंबरी आली १९८३ ला. म्हणजे लेखकानं तेव्हाची ताजी गोष्ट उचलली आणि ज्या राक्षसाचं शरीरच पेट्रोलियमशी नातं सांगतं त्याच्यावर ती वापरली, मला तर हे फार नेटकं वाटतं. हां, राक्षस कॉम्प्युटरवरून बोलायला लागतो तो भाग लांबलाय, तिथं मी तुमच्या बाजूनं.

आणि आपल्याकडच्या माणसाचं म्हणाल तर तुम्ही कराडचे, तुम्हीच असं म्हणावं याचं मला नवल वाटतं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पाटणकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोयनानगर पडलं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. कारण माहीत नाही असं आहे का? धरणात साठवलेल्या पाण्याशी तिथल्या भूकंपांचा संबंध आहे हे शास्त्रज्ञ कधीपासून सांगतायत, तुमच्या शेजारी हजारमाचीला त्याच अभ्यासाची संस्था आहे, कोयना भागातच गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर मारलंय. इतकं सगळं माहीत असूनही रात्री भांडी वाजली की त्या भागातली माणसं पोरं उचलून अंगणात येतातच ना? प्लेगच्या वेळी पण तसंच, घरात उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचं आणि माळावर झोपड्या टाकून राहायचं, हे बायाबापड्यांनाही ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मेलेला उंदीर बघून पाय गळायचे.

उलट नुसतं गाव रिकामं असून भीती वाटत नाही. तिकडं सिंधुदुर्गात आचऱ्याला गावपळण असते, देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर, मागं सगळी घरं बंद, आणि बाहेर राहुट्यांत भजनं काय, गप्पा काय. परत यायचं नक्की असतं ना. स्नोफिल्डमध्ये नेमकं तेच नाही, आणि का नाही हे लेखक डोळ्यात डोळे घालून सांगतो, म्हणून मला तो उत्तरार्ध आवडतो, आणि राक्षस धुक्यातच ठेवून पुस्तक संपवणारे लेखक मला सुटका करून घेणारे वाटतात.

तुमच्या ओळखीत ६७ चा भूकंप बघितलेलं कुणी असेल तर त्यांच्याशी बोलून लिहून पाठवा, त्यांचं नाव न घालता इथं टाकतो, त्यावर आपण पुन्हा भांडू.