‘नुसती नक्कल’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘बायोकॉन’ या औषध कंपनीच्या संस्थापक किरण मजुमदार-शॉ यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “शिक्षण बिअर गाळायचं, पैसा आयरिश कंपनीचा, औषधं दुसऱ्यांनी शोधलेली. यात कर्तृत्व कुठे आलं?” तुमची माहिती चुकीची नाही, निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही.

त्या ऑस्ट्रेलियातून ब्रूमास्टर, म्हणजे बिअर गाळण्यातल्या तज्ज्ञ, होऊन आल्या आणि इथल्या ब्रुअरीजना बाईमाणूस या कामावर नको होतं. पण हे शिक्षण वाया गेलं का? यीस्टला जिवंत ठेवायचं, त्याचं खाद्य, हवा, तापमान सांभाळायचं आणि त्याच्याकडून हवं ते करून घ्यायचं, ही ती विद्या. १९७८ मध्ये बंगळुरूला भाड्याच्या घराच्या गॅरेजात बायोकॉन सुरू झाली, तेव्हा काम साधं होतं. कच्च्या पपईला चीर दिली की पाझरतो त्या पांढऱ्या चिकापासून पपेन हे एन्झाइम काढायचं. पुढे २००४ मध्ये याच कंपनीचं इन्सुलिन आलं, तेही पिकिया नावाच्या यीस्टकडून करून घेतलेलं. या यीस्टला मिथेनॉल पाजलं की त्यात बसवलेला इन्सुलिनचा जनुक कामाला लागतो. हे ब्रूइंगचंच घराणं आहे हो!

आता ‘नक्कल’. अ‍ॅस्पिरिनचा रेणू २१ अणूंचा, तो रसायनशाळेत तंतोतंत तसाच बनवता येतो. इन्सुलिनमध्ये ७८८ अणू. आणि स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब वीस हजारांहून जास्त अणूंचं, ते जिवंत पेशींच्या आतच तयार होतं. पेशींचं खाद्य किंवा तापमान जरा हललं तरी रेणूवरच्या साखरेच्या साखळ्या बदलतात. मूळ कंपनी आपल्या पेशीही देत नाही आणि कृतीही. म्हणजे पेशींपासून शुद्धीकरणापर्यंत सगळं नव्याने बसवायचं, मग चाचण्या करून दाखवायचं की रुग्णावर परिणाम तोच होतो. मायलन या औषध कंपनीबरोबर बायोकॉनने असं बनवलेल्या ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ च्या डिसेंबरात मान्यता दिली. मूळ शोध जेनेन्टेक या अमेरिकी कंपनीचा, त्याचं श्रेय त्यांचंच. पण पेटंट संपल्यावर दुसरा उत्पादक उभाच राहिला नाही, तर किंमत उतरणार कशी? ज्या घरात महिन्याचा औषधखर्च मांडून बसतात, तिथे हा प्रश्न पुस्तकी नसतो.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीचं भांडवल दहा हजार रुपये. तेव्हाच्या कायद्यामुळे परकीय भागीदाराला, म्हणजे त्या आयरिश कंपनीला, ३० टक्क्यांवर जाता येत नव्हतं, बाकीचा हिस्सा किरण यांचा. तारण नाही, धंदा अनोळखी, वर बाई, म्हणून बँका कर्जाला तयार नव्हत्या. पुढे आयरिश कंपनी युनिलिव्हरकडे गेली, आणि १९९८ मध्ये तो परकीय हिस्सा किरण आणि त्यांचे पती जॉन शॉ यांनी विकत घेतला.

एक मात्र तुमचं मान्य. त्या आयरिश कंपनीचे, कॉर्क शहरातले लेस्ली ऑकिनक्लॉस यांनी पंचविशीतल्या मुलीवर विश्वास टाकला नसता तर हे सुरूच झालं नसतं, आणि माझ्या लेखात त्यांचं नावही नव्हतं. आज घातलं आहे, दुसऱ्या परिच्छेदात.